वसईचे वाल आणि घरातली वडीलधारी माणसे

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, अशा चार सीमांमध्ये वसई तालुका वसलेला आहे. मधोमध पश्चिम रेल्वेचा मार्ग जातो आणि तालुक्याचे दोन भाग करतो. रुळांच्या पश्चिमेला गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी अशी बागायती गावे आहेत. तेथे केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती आणि भाजीचे वाफे दिसतात, आणि त्यांना पाणी देणारी बावखले अजूनही काही ठिकाणी तग धरून आहेत. रुळांच्या पूर्वेला नालासोपारा आणि विरारच्या दाट वस्त्या आहेत, आणि त्यांच्याही पलीकडे भातशेतीची गावे. 2009 साली येथे महानगरपालिका झाली, 2014 साली तालुका ठाण्यातून नव्या पालघर जिल्ह्यात गेला. कारभाराचे असे बदल होत गेले, तरी थंडी पडली की येथील बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागतात, यात मात्र खंड पडलेला नाही.

या तालुक्याचे दर्शन किल्ला, चर्च आणि समुद्रकिनारे यांवरून घडविण्याची प्रथा आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या निमित्ताने येथील घराघरांत वावरताना मला मात्र तो स्वयंपाकघरांतून अधिक उमगत गेला. प्रत्येक वस्तीचे एक कडधान्य असते, ते शिजविण्याची एक रीत असते, आणि त्या रीतीत पिढ्यान्‌पिढ्यांचे आरोग्यशास्त्र दडलेले असते. ती रीत नीट पाळली तर कडधान्य हे वृद्धांसाठी स्वस्त आणि उत्तम अन्न ठरते. ती अर्धवट पाळली तर तेच अन्न त्यांना रुग्णालयात पोहोचवू शकते. म्हणून या लेखात वसई ते विरार असा फेरफटका वालाच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या सोबतीने मारू या.

पापडीचा बाजार

वसई गावाकडे जाताना पापडी लागते. पापडी नावाच्या गावी वालपापडी विकत घ्यावी, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटतो. हिवाळ्यात येथील बाजारात कोवळी वालपापडी, दाणे भरलेल्या गावठी वालाच्या शेंगा, सुरती पापडी, पावटे आणि सुके कडवे वाल, अशी सारी भावंडे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. भावंडे म्हणण्याचे कारण असे, की वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वाल, पावटा आणि वालपापडी ही एकाच जातीच्या वेलाची निरनिराळी रूपे आहेत. हे भारताचे फार जुने पीक आहे. पालघर, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांत भाताची कापणी झाली, की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावरच वाल पेरण्याची पद्धत आहे. त्याला वेगळे पाणी फारसे लागत नाही, शिवाय त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत साठवितात.

याच बाजारात फरसबी आणि किराणा दुकानांत राजमा मिळतो. ही दुसरी भावंडे. कोवळी शेंग खाल्ली तर ती फरसबी किंवा श्रावणघेवडा, आणि त्याच जातीच्या शेंगा वेलावर पिकून वाळल्या तर आतला दाणा राजमा. हे कुळ मूळचे अमेरिका खंडातले. युरोपीय दर्यावर्दींनी ते जगभर नेले, तेव्हा ते भारतात आले. वसईचा किल्ला 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगिजांकडे होता आणि नंतर चिमाजी अप्पांनी तो जिंकला, हे आपण जाणतोच. मिरची, बटाटा, पपई अशा कित्येक गोष्टी त्या काळातील समुद्री व्यापाराने आपल्याकडे आणल्या. वालाची रीत आपल्या आज्यांना परंपरेने ठाऊक होती. राजमा त्या मानाने नवा पाहुणा असल्याने त्याची रीत पुष्कळ मराठी घरांत अजून नीट रुळलेली नाही. या फरकाचे परिणाम पुढे दिसतील.

बिरड्यामागील शास्त्र

निर्मळ, वाघोलीच्या बाजूच्या जुन्या घरांत बिरडे करण्याची पद्धत पाहिली, तर एखाद्या प्रयोगशाळेतील शिस्तच पाहिल्यासारखे वाटते. सुके वाल निवडून आदल्या दिवशी भरपूर पाण्यात भिजत घालतात. रात्री ते पाणी ओतून देतात, वाल धुऊन फडक्यात बांधतात आणि मोड येऊ देतात. दुसऱ्या दिवशी ते कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलतात. हिरवट पिवळ्या डाळिंब्या एका बाजूला आणि सालींचा ढीग दुसऱ्या बाजूला. मग फोडणीवर डाळिंब्या टाकून, गरम पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवितात. आमसूल, गूळ, ओले खोबरे आणि कोथिंबीर शेवटी पडते.

यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. वेलाला पळून जाता येत नाही, म्हणून कीटक आणि प्राण्यांपासून बचाव करण्यासाठी तो आपल्या बियांत काही रक्षक द्रव्ये साठवितो. कच्च्या वालात प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात, आतड्याच्या अस्तराला चिकटणारी लेक्टिन नावाची प्रथिने असतात, आणि सुक्या दाण्यांत सायनाइड मुक्त करू शकणारे संयुगही थोड्या प्रमाणात असते. सालीत तुरट टॅनिन असते. भिजवून पाणी फेकले की पाण्यात विरघळणारा भाग निघून जातो. मोड आले की बीच स्वतःच्या वाढीसाठी साठवणीतील द्रव्ये मोडू लागते, फायटिक आम्ल कमी होते आणि लोह अधिक सुलभतेने शोषले जाते. साल काढली की टॅनिन आणि बराचसा चिवट तंतू जातो. उकळत्या पाण्यात शिजविले की लेक्टिन आणि पचनरोधक प्रथिने निष्प्रभ होतात, आणि सायनाइडचा अंश वाफेबरोबर उडून जातो. म्हणून उकळी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे भांड्यावर झाकण न ठेवणे चांगले.

आमसूल आणि गूळ शेवटी घालण्यालाही अर्थ आहे. आंबट आणि गोड पदार्थ आधी पडले, तर दाण्याच्या पेशींना जोडणारे द्रव्य विरघळत नाही आणि दाणा टणक राहतो. शिजल्यावर घातलेल्या आमसुलाने चव येते, आणि पानात वाढल्यावर वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व कडधान्यातील लोह शोषून घेण्यास मदत करते. कडव्या वालाचा कडवटपणा पहिल्या पाण्याबरोबर पुष्कळसा जातो. ते पाणी 'सत्त्व जाईल' या समजुतीने आमटीत वापरण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा.

श्रावणात अनेक घरांत बिरडे होते. येथील ख्रिस्ती घरांत उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते, तेव्हा कडधान्याला मान मिळतो. थंडीत पालघरच्या किनारपट्टीवरील वाडवळ घरांत उकडहंडी लागते. मडक्यात कंदमुळे, शेंगा आणि भाज्या भरून ती मंद आचेवर शिजवितात. दक्षिणेकडे रायगडात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा घालून पोपटी करतात. हे सारे प्रकार रुचकर आहेत, पण मडक्याच्या मधल्या भागातील शेंगा कधीकधी अर्ध्या कच्च्या राहतात. घरातील ज्येष्ठांच्या पानात वाढण्यापूर्वी एक दाणा बोटांत चिरडून पाहावा. तो लोण्यासारखा दबला तरच वाढावा, नाहीतर पुन्हा वाफ द्यावी.

रुळांच्या पलीकडे

आता नालासोपाऱ्याला उतरू या. हेच प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली येथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला. एकेकाळी देशोदेशीचे व्यापारी येथे उतरत. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून कामासाठी आलेली कुटुंबे येथे राहतात. एकाच चाळीत कोकणातील घरी काळ्या वाटाण्यांची उसळ शिजते, घाटावरच्या घरी मटकी आणि हुलगे, गुजराती घरी पापडीचे उंधियू, आणि उत्तरेकडील घरी राजमा. मुले एकमेकांच्या डब्यांतले खातात, आणि अशा रीतीने राजमा मराठी घरांतही पोहोचतो.

काही वर्षांपूर्वी येथील एक कुटुंब संध्याकाळी उशिरा माझ्याकडे आले होते. दुपारी राजमा केला होता. तो सकाळी तासभर भिजविला होता, आणि शिजत असतानाच गॅस संपला. दाणे थोडे कचकचीत होते, पण वाया का घालवायचे म्हणून सर्वांनी ते खाल्ले. दोन-अडीच तासांत घरातील सर्वांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. तरुण मंडळी रात्रीपर्यंत सावरली. सत्तरी ओलांडलेले आजोबा मात्र रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेत असत. त्यांच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी झाले, रक्तदाब उतरला आणि मोरीकडे जाताना ते कोसळले. हाड मोडले नाही, पण शिरेतून सलाईन द्यावे लागले.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या घराने धसका घेतला आणि आजोबांना कडधान्य देणेच बंद केले. ते मांसाहार करीत नसत, दूध त्यांना सोसत नसे. काही महिन्यांनी ते तपासणीसाठी आले, तेव्हा वजन उतरले होते आणि खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागत होता. एका दुपारच्या कच्च्या राजम्याने जेवढे नुकसान केले नाही, तेवढे पुढील महिन्यांच्या भीतीने केले. वरण, मऊ शिजविलेली मूग-मसुराची उसळ आणि सोललेल्या डाळिंब्या हळूहळू पुन्हा सुरू केल्यावर त्यांची उभारी परतली.

राजमा का बाधतो

राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन इतर कडधान्यांच्या तुलनेत फार अधिक असते. लाल राजम्यात ते सर्वाधिक, पांढऱ्यात त्याहून बरेच कमी. कच्चे चार-पाच दाणेही त्रास देण्यास पुरेसे ठरू शकतात. खाल्ल्यानंतर साधारण एक ते तीन तासांत लक्षणे दिसतात आणि बहुतेकांना पुढील काही तासांत आराम पडतो. या विषबाधेचे औषध असे काही नाही, शरीरातील पाणी आणि क्षार टिकविणे हाच उपचार.

यातील सर्वांत फसवी गोष्ट अशी की अर्धवट उष्णता ही कच्चेपणापेक्षाही घातक ठरू शकते. सुमारे 80 अंश सेल्सियसपर्यंतच तापविलेल्या राजम्याची विषारीता कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकते. म्हणून मंद आचेवर तासन्‌तास शिजविणाऱ्या विजेच्या भांड्यात राजमा कधीही थेट टाकू नये. वसईतील अनेक आजी-आजोबा मुलांकडे परदेशी जातात आणि तेथील स्वयंपाकघरांत अशी भांडी सर्रास असतात. त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. जपानमध्ये 2006 साली दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात वजन उतरविण्यासाठी पांढरा राजमा तीन मिनिटे भाजून त्याची पूड भातावर घेण्याचा उपाय सांगितला गेला, आणि तो करून पाहणाऱ्या शंभराहून अधिक लोकांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. भ्रमणध्वनीवर रोज येणारे असे उपाय पाहताना ही घटना आठवावी.

राजमा शिजविण्याची सुरक्षित रीत सोपी आहे. रात्रभर, निदान पाच तास तरी, तो भरपूर पाण्यात भिजवावा. ते पाणी टाकून द्यावे, दाणे दोनदा धुवावेत आणि ताजे पाणी घालावे. पाण्याला खळखळून उकळी आल्यानंतर दहा मिनिटांत हे लेक्टिन नष्ट होते, पण सुरक्षिततेसाठी अर्धा तास उकळणे योग्य. प्रेशर कुकरमध्ये तापमान शंभर अंशांच्या वर जात असल्याने काम अधिक खात्रीने होते. पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ पाहावे, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. गॅस मध्येच संपला तर तो राजमा शेजारच्या शेगडीवर पूर्ण शिजवून घ्यावा, नाहीतर टाकून द्यावा. कच्ची फरसबी कोशिंबिरीत घालण्याची नवी पद्धतही टाळावी, तिच्यातही हेच द्रव्य असते.

पाण्याची कथा

वसई-विरारमध्ये कडधान्याची गोष्ट पाण्याशिवाय पुरी होत नाही. सूर्या, उसगाव आणि पेल्हार येथून शहराला पाणी येते, परंतु अनेक इमारती आणि चाळी आजही टँकर आणि कूपनलिकांवर विसंबून आहेत. किनाऱ्याजवळील विहिरींचे पाणी मचूळ आणि जड होते. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या सालीला घट्ट करतात आणि तासभर शिजवूनही वाल कडक राहतात. 'गावाला वाल कसे लोण्यासारखे शिजत, येथे शिजतच नाहीत', ही तक्रार मी कित्येक आजींकडून ऐकली आहे. त्यांची तक्रार खरी असते.

यावर खाण्याचा सोडा हा झटपट उपाय केला जातो. सोड्याने दाणे मऊ होतात, पण ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते आणि सोडियम वाढते. रक्तदाब, हृदयविकार किंवा पायांवर सूज असलेल्यांसाठी हे बरे नव्हे. त्याऐवजी भिजविण्यासाठी आणि शिजविण्यासाठी पिण्याचे पाणी वापरावे. कडधान्य नव्या हंगामाचे घ्यावे, कारण दोन-तीन वर्षे साठविलेले दाणे कितीही शिजविले तरी मऊ होत नाहीत. एकाच भांड्यात जुने आणि नवे दाणे मिसळू नयेत. नवे शिजतात, जुने कच्चे राहतात, आणि तेच नेमके आजोबांच्या घासात येतात.

मोडांच्या बाबतीत स्वच्छता अधिकच महत्त्वाची. ऊब आणि ओलावा यांत मोड वाढतात, तसेच जंतूही वाढतात. 2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून जंतुसंसर्ग पसरला. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. जुलै 2018 मध्ये मुसळधार पावसाने वसई-विरारमध्ये पाणी साचले, लोकल थांबल्या आणि अनेक भागांत वीज गेली, हे येथील लोक विसरलेले नाहीत. अशा दिवसांत पाण्याचा भरवसा नसतो आणि फ्रीजही चालत नाही. म्हणून ज्येष्ठ नागरिक, मधुमेही आणि रोगप्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी मोड कच्चे खाऊ नयेत, वाफवून किंवा शिजवूनच खावेत. एप्रिल-मेच्या उकाड्यात भिजत घातलेले पाणी दोन-तीनदा बदलावे किंवा भांडे फ्रीजमध्ये ठेवावे. फेस आला किंवा आंबूस वास आला तर ते दाणे वापरू नयेत. शिजलेली उसळ दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी आणि खाण्यापूर्वी वाफ येईपर्यंत पुन्हा तापवावी. पहाटेच्या लोकलने जाणारी सून सासूबाईंसाठी दुपारचे जेवण ओट्यावर झाकून जाते. अशा घरी उसळीऐवजी ताजे वरण सोयीचे, नाहीतर उसळीचा डबा फ्रीजमध्ये आणि तापविण्याची सूचना भिंतीवर लावलेली बरी.

किती आणि कसे द्यावे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2,000 किलोकॅलरीच्या दैनंदिन थाळीत डाळी, कडधान्ये किंवा मांसाहार मिळून सुमारे 85 ग्रॅम असावेत, असे सुचविले आहे. प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम इतकी आहे. वृद्धांच्या स्नायूंची झीज पाहता अनेक तज्ज्ञ एक ग्रॅम किंवा थोडे अधिक सुचवितात. 60 किलो वजनाच्या आजोबांना म्हणजे रोज 50 ते 60 ग्रॅम प्रथिने हवीत. मूठभर, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, सुक्या कडधान्यातून सहा-सात ग्रॅम मिळतात. दुपारी वरण, रात्री उसळ आणि त्यासोबत भात किंवा भाकरी असेल, तर धान्य आणि कडधान्य एकमेकांच्या प्रथिनांतील उणीव भरून काढतात. यातील तंतूंमुळे बद्धकोष्ठ कमी होते, साखर हळूहळू चढते आणि कोलेस्टेरॉलवरही चांगला परिणाम होतो.

'वाल वातूळ' ही तक्रार खोटी नाही. कडधान्यातील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवितात आणि वायू होतो. भिजवून पाणी फेकल्याने त्या कमी होतात. ज्यांची सवय सुटली आहे त्यांना प्रथम दोन चमचे, आठवड्याने चार चमचे, असे वाढवीत न्यावे. आतडे दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेते. दुपारी द्यावे, रात्री उशिरा नको. सोबत पुरेसे पाणी हवे.

दात नसलेल्यांना किंवा कवळी सैल असलेल्यांना डाळिंब्या घोटून द्याव्यात. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होत असेल तर साल असलेला अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासमार्गात जाऊ शकतो. त्यांना बसवून, एकसारखे दाट वरण लहान घासांनी भरवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियम आणि प्रथिने यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. भिजविण्याचे आणि उकळण्याचे पाणी टाकून दिल्याने पोटॅशियम काही अंशी घटते. ज्यांना जी-सिक्स-पी-डी या विकराची उणीव असल्याचे निदान झाले आहे, त्यांनी बाकल्याच्या शेंगा टाळाव्यात.

एवढी काळजी घेऊनही कडधान्य खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घाबरून न जाता जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे, आणि ते घोटाघोटाने पाजावे. रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवशी घ्याव्यात की नाही, हे डॉक्टरांना फोनवर विचारावे. उठताना चक्कर येणे, सहा-आठ तास लघवी न होणे, गुंगी, शौचातून रक्त किंवा पोटात पाणीही न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे. अशा वेळी ज्येष्ठांना एकटे मोरीकडे जाऊ देऊ नये.

सोलणाऱ्या हातांसाठी

विरारच्या पुढे वैतरणेकडे जाताना भातकापणी झालेल्या खाचरांत वालाचे वेल दिसतात. त्या वेलापासून पानापर्यंतच्या प्रवासात सर्वांत वेळ खाणारी पायरी म्हणजे सोलणे. नोकरीच्या धावपळीत ती कोणाला परवडत नाही, म्हणून पुष्कळ घरांतून बिरडे हद्दपार झाले आहे. पण घरात वेळ असलेले माणूस असतेच, आणि ते बहुधा सर्वांत वडीलधारे असते. मोड आलेल्या वालांची परात आजींसमोर ठेवावी. कोमट पाण्यात हात, बोटांची बारीक हालचाल, शेजारी बसलेला नातू आणि मध्येच निघालेली माहेरची आठवण, असे सारे त्या तासाभरात घडते. संधिवाताने आखडलेल्या बोटांना त्याने हालचाल मिळते. स्मृती मंदावलेल्या काही रुग्णांचे हातही या कामात चुकत नाहीत, असे मी पाहिले आहे. पार्किन्सनमुळे हात थरथरत असले तरी परात मांडीवर स्थिर ठेवून हे जमते, सुरीचे भयही नसते.

घरातील ज्येष्ठांना आपण सहसा औषध, अन्न आणि आधार देतो, काम मात्र देत नाही. डाळिंब्या सोलणे हे सोसणारे आणि उपयोगाचे काम आहे. या हिवाळ्यात पापडीच्या किंवा आपल्या जवळच्या बाजारातून पावशेर नवे वाल आणावेत, रात्री भिजवावेत, पाणी फेकावे, मोड आणावेत. सोलण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांना बसवावे, आणि शिजले की नाही हे ठरविण्याचा अधिकारही त्यांनाच द्यावा. दाणा बोटांत चिरडून ते सांगतील.